अकरा जणांचा खेळ शंभर जणांचा झाला तेव्हा

फिलाडेल्फियाहून मीडिया गावाकडे जाणारी लोकल स्वॉर्थमोरला थांबते. फलाटावरून उतरलं की समोर कॉलेजच. ओकच्या झाडांच्या दोन रांगांमधून पायवाट चढत जाते आणि टेकाडावरच्या पॅरिश हॉलपाशी संपते. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बहिणीच्या मुलाला कॉलेज दाखवायला मी तिथे घेऊन गेले होते. आम्हाला फिरवणारी दुसऱ्या वर्षाची मुलगी पाठमोरी चालत, आमच्याकडे तोंड करून बोलत होती. आमच्या गटात ओहायोहून आलेले एक वडील होते. त्यांनी विचारलं, "शनिवारी फुटबॉलचा सामना आहे का इथे?" ती म्हणाली, "आमच्याकडे फुटबॉल नाही." आणि तिने लगेच झाडांची माहिती सुरू केली, कारण तो सगळा परिसर म्हणजे एक वृक्ष-उद्यानच आहे. त्या गृहस्थांचा चेहरा मात्र पडला. अमेरिकेतल्या कॉलेजात फुटबॉल नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा तो.

तिच्या त्या एका वाक्यामागे एकशे बावीस वर्षांचा इतिहास आहे. स्वॉर्थमोरमध्ये हा खेळ १८७८ मध्ये सुरू झाला आणि २ डिसेंबर २००० रोजी विश्वस्त मंडळाने तो बंद केला. त्यावरून माजी विद्यार्थ्यांमध्ये जे भांडण लागलं त्याची धग अजून पुरती विझलेली नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. निर्णय बरोबर होता. तो ज्या पद्धतीने घेतला गेला ती चूक होती. आणि या प्रकरणात खेळाला किंवा खेळणाऱ्या मुलांना दोष देणारे लोक मुळातला हिशेबच चुकतात. छोट्या कॉलेजांच्या गळ्याला फास लागला तो खेळाच्या एका नियमामुळे. त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

स्वॉर्थमोरची स्थापना १८६४ ची. स्थापना करणारे क्वेकर पंथाचे लोक: युद्धाला विरोध करणारे, साधं राहणारे, गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले. मुलामुलींनी एकत्र शिकायचं हे तिथे पहिल्यापासून ठरलेलं होतं. अशा शांतताप्रिय मंडळींच्या कॉलेजात हा अंगावर धावून जाण्याचा खेळ रुजावा याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा खेळ उभा करायला फार काही लागत नसे. एक मोकळं मैदान, एक चेंडू आणि अंगात रग असलेली पंधरा-वीस मुलं एवढ्यावर भागायचं. अकरा जण मैदानात उतरायचे. चेंडू आपल्याकडे असेल तेव्हा चढाई करणारे तेच अकरा आणि समोरच्याकडे गेला की अडवणारेही तेच अकरा. बदली खेळाडूवर कडक बंधनं होती, त्यामुळे एकदा बाहेर गेलेल्याला सहजासहजी परत येता येत नसे. म्हणून दमलेला, खरचटलेला मुलगाही शेवटपर्यंत उभा राहायचा. दोन-तीनशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजलाही असा संघ सहज जमायचा. वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारा, वर्गात पुढच्या बाकावर बसणारा मुलगाच शनिवारी मैदानावर दिसायचा.

म्हणून तर १९०५ मध्ये स्वॉर्थमोरचा संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या बलाढ्य संघासमोर उभा राहू शकला. हरला, पण ११-४ असा. त्या सामन्याची एक दंतकथा अमेरिकेतल्या क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांमधून आजही फिरते. स्वॉर्थमोरचा बॉब मॅक्सवेल हा अवाढव्य गडी, टोपणनाव मात्र 'टायनी', म्हणजे इवलासा. पेनच्या खेळाडूंनी त्याला इतकं बुकललं की त्याचा रक्ताने माखलेला चेहरा वर्तमानपत्रात छापून आला, तो फोटो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पाहिला आणि संतापून फुटबॉलवर बंदी घालण्याची धमकी दिली, अशी ती कथा. इतिहासकारांनी शोध घेतला, पण असा फोटो कोणाच्या हाती लागलेला नाही. तारखाही जुळत नाहीत. सामना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला, आणि रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं ते ९ ऑक्टोबरला. असली बैठक दोन दिवसांत ठरत नाही. काळजी मात्र खरी होती. त्या वर्षी देशभरात फुटबॉल खेळताना झालेले १८ मृत्यू 'शिकागो ट्रिब्यून'ने मोजले होते आणि त्यातले बरेचसे शाळकरी वयाचे होते. त्यातूनच पुढच्या वर्षी कॉलेज-खेळांची ती संघटना जन्मली, जिला आज आपण एनसीएए म्हणतो, आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळून खेळाचं रूप पालटलं.

या दंतकथेत एक गोष्ट बाजूला राहते आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. मॅक्सवेल स्वॉर्थमोरला येण्याआधी शिकागो विद्यापीठाकडून खेळलेला होता. म्हणजे त्या काळातही चांगला खेळाडू दिसला की त्याला आपल्याकडे वळवायचा मोह या छोट्या क्वेकर कॉलेजाला होत होता. 'पूर्वी सगळं निर्मळ होतं' असं सांगणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हे विसरू नये. फरक इतकाच की तेव्हा असा एखाददुसरा मुलगा आणून भागत असे.

याच सुमाराला कॉलेजसमोर एक परीक्षा आली आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग तोच आहे. फिलाडेल्फियात ॲना टी. जीन्स नावाची एक श्रीमंत क्वेकर बाई राहत होती. लग्न केलेलं नाही, भावंडं सगळी तिच्याआधी गेलेली, घराण्याची मोठी मालमत्ता तिच्या एकटीच्या नावावर आलेली. दक्षिणेतल्या खेड्यांमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी तिने दहा लाख डॉलर दिले. त्या निधीतून पगार मिळणाऱ्या शिक्षिका पुढे कित्येक दशकं 'जीन्स टीचर' म्हणून ओळखल्या जात होत्या. म्हणजे बाई लहरी नव्हती. आपला पैसा कुठे जावा याचा तिने नीट विचार केलेला होता. १९०७ मध्ये ती वारली आणि मृत्युपत्र उघडलं तेव्हा कळलं की कोळशाच्या जमिनी आणि खनिजांचे हक्क तिने स्वॉर्थमोरला ठेवले आहेत. अट एकच. इतर कॉलेजांशी होणाऱ्या सगळ्या क्रीडास्पर्धांमधून कॉलेजने कायमचं अंग काढून घ्यायचं.

वर्तमानपत्रांनी त्या जमिनींची किंमत लाखो डॉलरांत लावली. स्वॉर्थमोर तेव्हा काही श्रीमंत कॉलेज नव्हतं. शिवाय फुटबॉलविषयी देशभर राग होता, त्यामुळे पैसे घेऊन खेळ सोडला असता तर उलट वाहवाच झाली असती. कॉलेजने महिनोन्महिने विचार केला आणि १९०८ मध्ये ती देणगी नाकारली. हे लोक फुटबॉलचे वेडे होते म्हणून नव्हे. मुलांनी काय खेळावं आणि काय खेळू नये हे कॉलेजने ठरवायचं, एका मृत्युपत्रातल्या ओळीने पुढच्या पिढ्यांचे हात बांधायचे नाहीत, हा मुद्दा होता. ज्या मंडळाने खेळ राखला ते मंडळ आणि बाण्णव वर्षांनी ज्याने तो बंद केला ते मंडळ, यांना लोक एकमेकांसमोर उभं करतात. मला ते एकाच रेषेवर दिसतात. दोन्ही वेळेला प्रश्न होता तो हाच, की या कॉलेजची गादी कोण चालवणार. १९०८ मध्ये पैशाचा दाब होता. २००० मध्ये दाब होता खेळाच्या वाढलेल्या भुकेचा.

मधल्या काळात कॉलेजने आपली वाट ठरवली. १९२१ मध्ये फ्रँक आयडेलॉट अध्यक्ष झाले. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले होते. त्यांनी १९२२ पासून ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला: चार-सहा जणांचे वर्ग, प्रत्येकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, आणि शेवटची परीक्षा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घ्यायची. स्वॉर्थमोरचं नाव आज ज्यामुळे घेतलं जातं ते हे. या काळातही फुटबॉल चालूच होता आणि तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता. अभ्यास आणि खेळ यांचं वैर असतं असं म्हणणाऱ्यांना हा काळच उत्तर देतो.

मग बिघडलं कुठे? १९४१ मध्ये नियम सैल झाला. बदली खेळाडू कधीही आत-बाहेर पाठवायची मुभा मिळाली. पाठोपाठ महायुद्ध आलं, तगडी मुलं सैन्यात गेली, तेव्हा ती मुभा उपयोगी पडली. १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्याकडे कोवळी पोरं होती आणि समोर होता सैनिकी अकादमीचा जबरदस्त संघ. क्रिसलर यांनी आपल्या मुलांचे दोन गट केले, चढाईचा वेगळा आणि बचावाचा वेगळा. सामना ते हरले, पण युक्ती सगळ्यांच्या डोक्यात शिरली. खर्च वाढतो आणि छोटी कॉलेजं मरतात अशी ओरड झाल्यावर १९५३ मध्ये ही मुभा काढून घेण्यात आली. मोठ्या संघांच्या प्रशिक्षकांनी मात्र दरवर्षी नियम थोडा थोडा कुरतडत नेला आणि १९६५ पर्यंत तो पुन्हा पूर्ण मोकळा झाला.

हा बदल किती मोठा होता ते एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. पूर्वी अकरा जण लागत. आता चढाईचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगळे. लाथ मारून गोल करणारा वेगळा, लांब लाथ मारणारा वेगळा, त्याच्याकडे पायांतून चेंडू मागे फेकणारासुद्धा वेगळा. या प्रत्येकाच्या जागी जायबंदी झाल्यावर उतरायला दुसरा हवा, आणि सरावात समोर उभं राहायला तिसरा हवा. साठ मुलांत जेमतेम भागतं. बऱ्याच कॉलेजांत हा आकडा शंभरावर जातो. शिवाय प्रत्येक जागेला वेगळं शरीर लागतं. पूर्वीच्या खेळाडूला पळावंही लागे आणि ढकलावंही लागे, म्हणून तो सर्वसाधारण बांध्याचा मुलगा असे. आताच्या लाइनमनचं काम एकच, सहा सेकंद समोरच्याला रेटून धरायचं, आणि त्यासाठी सव्वाशे-दीडशे किलो वजन लागतं. वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीत असा मुलगा आपोआप सापडत नाही. त्याला शोधून आणावा लागतो.

चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या मिशिगनला शंभर खेळाडू म्हणजे समुद्रात मूठभर मीठ. स्वॉर्थमोरमध्ये २००० साली सगळे मिळून सुमारे चौदाशे विद्यार्थी होते. त्यातले निम्मे मुलगे धरले तर सातशे. साठ जणांचा संघ म्हणजे दर बारा मुलग्यांमागे एक. दुखापतींनी किंवा कंटाळून काही जण दरवर्षी संघ सोडतात हे लक्षात घेतलं, तर दर वर्षी पंधरा-वीस नवे खेळाडू आणायला हवेत, आणि एका वर्षाच्या तुकडीत मुलगे असतात पावणेदोनशे-दोनशे. हा हिशेब माझा आहे, पण कोणीही कागदावर करून पाहावा. कॉलेजकडे तेव्हा चोवीस संघ होते. फुटबॉल त्यातला एक. प्रत्येक प्रशिक्षक आपल्याला हव्या असलेल्या मुलामुलींची यादी प्रवेश कार्यालयाकडे देणार आणि सर्वांत लांब यादी फुटबॉलची असणार. मग व्हायोलिन वाजवणारा, गणितात रमणारा, खेड्यातून एकटा अर्ज करणारा, यांच्यासाठी उरलेल्या जागा मोजाव्या लागतात.

स्वॉर्थमोरने बरीच वर्षं मधला मार्ग धरला. संघ ठेवायचा, पण त्यासाठी प्रवेश वाकवायचे नाहीत. त्याचा परिणाम मैदानावर दिसला. नव्वदच्या दशकात सलग अठ्ठावीस सामने हरले. हरण्यात लाज काहीच नाही, पण अपुऱ्या संख्येने खेळणं धोक्याचं असतं. दमलेल्या, किरकोळ शरीराच्या मुलाला बदलीअभावी त्याच्या दीडपट वजनाच्या गड्यासमोर पुन्हा पुन्हा उभं करणं याला मी खिलाडूवृत्ती म्हणणार नाही. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांबद्दल आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ४८ जणांत मेंदू झिजवत नेणारा 'सीटीई' हा विकार आढळला. हे मेंदू कुटुंबीयांनी शंका आली म्हणून दिलेले होते, त्यामुळे यावरून सरसकट अंदाज बांधता येत नाही. तरीही आई म्हणून हा आकडा वाचल्यावर माझी झोप उडाली होती. स्वॉर्थमोरचा निर्णय या कारणावरून झालेला नाही, हेही नोंदवून ठेवते.

१९९९ मध्ये ओबर्लिन कॉलेजला हरवून ती पराभवांची मालिका तुटली. ओबर्लिन म्हणजे ओहायोतलं असंच छोटं, अभ्यासू कॉलेज. १९२१ मध्ये त्यांनी ओहायो स्टेट या बलाढ्य विद्यापीठाला ७-६ असं हरवलं होतं आणि त्यानंतर ओहायो राज्यातल्या कोणत्याही संघाला ते जमलेलं नाही. अकरा जणांच्या खेळात काय शक्य होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही. पुढच्या, म्हणजे २००० च्या हंगामात स्वॉर्थमोरने चार सामने जिंकले. मुलांना वाटलं, आता दिवस पालटले. हंगाम संपून महिनाही उलटला नसेल तोच मंडळाचा निर्णय आला. फुटबॉल बंद, कुस्ती बंद, बॅडमिंटनचा दर्जा खाली.

मंडळासमोर समितीचा अहवाल होता. प्रत्येक तुकडीत खेळासाठी म्हणून निवडलेल्यांचं प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांत राहावं असं त्यात म्हटलं होतं. चोवीस संघ नीट चालवायचे तर तेवढ्यात भागत नव्हतं. म्हणजे एक तर प्रमाण वाढवायचं, नाही तर संघ कमी करायचे. त्याच सुमाराला प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी तीस नामवंत कॉलेज-विद्यापीठांतल्या नव्वद हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासून दाखवलं होतं की खेळाडूंना प्रवेशात मिळणारी सवलत पिढीगणिक वाढत गेली आहे, आणि छोट्या कॉलेजांत ती जास्त जाणवते, कारण तिथे खेळाडूंचा वाटा मोठा असतो. सामान्य माणसाची समजूत याच्या अगदी उलट असते. त्याला वाटतं, खेळाचा पगडा टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांवर असतो.

निर्णयाविरुद्धचा एक आक्षेप मला खरोखर जड जातो आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. फुटबॉलमुळे पोलादाच्या कारखान्यांच्या गावांतली, सरकारी शाळांतली, कृष्णवर्णीय आणि कामगार घरांतली मुलं या असल्या कॉलेजांत यायची. फुटबॉल गेला आणि स्क्वॉश, नौकानयन, तलवारबाजी, लॅक्रॉस उरले, तर खेळाची खिडकी श्रीमंतांसाठीच उघडी राहते. हे मी डोळ्यांनी पाहते. न्यू जर्सीतल्या आणि इथल्या उपनगरांतल्या आमच्या मराठी मंडळातच नववी-दहावीतल्या मुलांना तलवारबाजीच्या किंवा स्क्वॉशच्या शिकवणीला नेणारे आईबाप आहेत. शनिवार-रविवार गाडीत, सुट्ट्या स्पर्धांत. मुलाला तो खेळ आवडतो का, हे विचारलं तर उत्तर येतं, "कॉलेजला उपयोग होतो." मुंबई-पुण्यात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेव्हा होणारी धावपळ आपण पाहिलेली आहे. इथे तीच धावपळ हजारो डॉलर ओतून होते.

पण याचं उत्तर फुटबॉल ठेवणं हे नाही. पोलादाच्या गावातला मुलगा हुशार असेल तर त्याला त्याच्या हुशारीसाठी आणि त्याने काढलेल्या कष्टांसाठी घ्या, पूर्ण शिष्यवृत्ती देऊन घ्या. त्याने त्याबदल्यात आपलं डोकं आपटावं ही अट कशाला? आणि फुटबॉलला लावलेला हिशेब स्क्वॉशला आणि नौकानयनालाही लावा. तो लावला जात नाही ही माझी स्वॉर्थमोरसकट सगळ्यांकडे तक्रार आहे.

फुटबॉल गेल्याने कॉलेजातला खेळ मेला असंही झालं नाही. २०१९ मध्ये स्वॉर्थमोरचा पुरुष बास्केटबॉल संघ आपल्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. बास्केटबॉलला पंधरा-वीस मुलं पुरतात. १८७८ मध्ये फुटबॉलला पुरत होती तेवढीच.

आता चित्राची दुसरी बाजू, आणि आजच्या घडीला हीच जास्त काळजीची आहे. स्वॉर्थमोरकडे पैसा आहे, अर्जांचा ढीग आहे, त्याला फुटबॉल सोडणं परवडलं. ज्या छोट्या कॉलेजांकडे यातलं काहीच नाही, ती गेली वीस वर्षं नेमकं उलटं करत आहेत. फुटबॉल नव्याने सुरू करत आहेत. कारण साधं आहे. कॉलेजात मुलग्यांची संख्या घटली आहे, आज दहा पदवी-विद्यार्थ्यांत सहाच्या आसपास मुली असतात. यातली बरीचशी कॉलेजं एनसीएएच्या ज्या तिसऱ्या गटात खेळतात, त्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे संघात आलेला प्रत्येक मुलगा फी भरणारा विद्यार्थी असतो. शंभर जणांचा संघ म्हणजे शंभर फिया. ज्या आकड्यामुळे स्वॉर्थमोरने खेळ सोडला, त्याच आकड्यासाठी ही कॉलेजं खेळ धरतात.

आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच एका कॉलेजात गेला. नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. शाळेत तो चांगला लाइनमन होता. प्रशिक्षक घरी येऊन जेवून गेले, आजीच्या पाया पडायचेच बाकी होते इतके गोड बोलले. तिथे गेल्यावर कळलं की पहिल्या वर्षाचेच पन्नासहून जास्त खेळाडू घेतले आहेत. दोन हंगामांत तो मैदानात उतरला तो तीन वेळा, सामना हातचा गेल्यावर किंवा जिंकून झाल्यावर. सुट्टीत घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांवर चिकटपट्टीचे पांढरे वळ असायचे. सकाळी उठून सहा अंडी, दुपारी परत चार, कारण वजन उतरू द्यायचं नाही असं सांगितलेलं. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. त्याने संघ सोडला आणि संघ सोडल्यावर त्या गावात राहण्याचं कारणच उरलं नाही, म्हणून कॉलेजही सोडलं. कर्ज मात्र राहिलं. त्याची आई मला म्हणाली, "शिकायला पाठवला होता की खेळायला, हेच आम्हाला नीट विचारता आलं नाही."

आणि इतकं करून कॉलेज वाचतं का? अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने १९३९ मध्ये सोडलेला फुटबॉल २००७ मध्ये पुन्हा सुरू केला. ३१ मे २०२४ रोजी ते कॉलेज कायमचं बंद झालं. त्यांचा बेसबॉल संघ त्या दिवशी राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. ज्यांच्या पोशाखावर कॉलेजचं नाव होतं त्या मुलांना आता कॉलेजच नव्हतं. आयोवातल्या माउंट प्लेझंट गावच्या आयोवा वेस्लियनची गोष्ट मला आणखी लागते. १८४२ मध्ये स्थापन झालेलं कॉलेज. अवकाशशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन तिथले, अंतराळवीर पेगी व्हिटसन तिथल्या. १९८९ ते १९९१ या काळात हॅल मम आणि माइक लीच या दोन प्रशिक्षकांनी तिथे चेंडू सतत हवेतून फेकत राहण्याची 'एअर रेड' ही पद्धत घडवली. आज अमेरिकेत शाळेपासून व्यावसायिक संघांपर्यंत तिच्या खुणा दिसतात. एका छोट्या गावातल्या कॉलेजने या खेळाला एवढं मोठं देणं दिलं. २०२३ मध्ये पैशाअभावी ते बंद पडलं तेव्हा त्या देण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. फुटबॉलने ही कॉलेजं बुडवली असं मी म्हणत नाही. त्यांच्या अडचणी फार जुन्या आणि खोल होत्या. पण बुडणाऱ्याला फुटबॉलचा लाकूडफाटा तारेल असं पालकांना सांगणं आता तरी थांबावं. निदान एवढं जाहीर करा, की पहिल्या वर्षाला किती खेळाडू घेतले, त्यातले चौथ्या वर्षापर्यंत संघात किती राहिले, आणि पदवी किती जणांना मिळाली. हे तीन आकडे प्रवेशाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर असायला हवेत.

स्वॉर्थमोरकडे परत येते, कारण त्यांची चूक सांगायची राहिली. क्वेकर लोक सभेत मतं मोजत नाहीत. सगळे बसतात, ज्याला बोलायचं तो उठून बोलतो, मध्ये शांतता पाळतात, आणि सभेचा एकत्रित कल स्पष्ट होईपर्यंत थांबतात. एखाद्याची मनापासून हरकत असेल तर आणखी थांबतात. कॉलेजचं मंडळही शतकभराहून अधिक काळ याच रीतीने चालत आलं होतं. फुटबॉलच्या प्रश्नावर मात्र मतं मोजली गेली, २१ विरुद्ध ८. जीन्सबाईच्या देणगीवर महिनोन्महिने विचार करणाऱ्या कॉलेजला या वेळी थांबायला वेळ नव्हता, हे मला पटत नाही. आठ जणांची हरकत ही काही किरकोळ हरकत नव्हे. त्यात ज्यांनी त्या मैदानावर उमेदीची चार वर्षं घालवली होती असे लोक होते.

त्याहून मोठा अन्याय मुलांवर झाला. पहिल्या वर्षाची मुलं ऑगस्टमध्ये सामान घेऊन आली होती. 'इथे फुटबॉल आहे' असं कॉलेजच्याच माणसांनी त्यांना सांगून आणलं होतं. डिसेंबरात तो नाहीसा झाला. संघ बंद करायचाच होता तर आणखी नवे खेळाडू घ्यायचे नाहीत असं ठरवायचं आणि जे आलेत त्यांना त्यांची चार वर्षं खेळू द्यायचं, मग शेवटी पंधरा उरले तरी पंधरा. त्यांच्यासाठी छोट्या संघांशी सामने शोधायचे, नाही मिळाले तर निदान आपसात खेळायचं, पण २००४ च्या वसंतात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या शेवटच्या तुकडीला मैदानावरून स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचं. हे महाग नव्हतं आणि अवघडही नव्हतं. कॉलेजने त्या अठरा वर्षांच्या मुलांना शब्द दिला होता.